शिकवलेला कुत्रा आणि शिकारीची मर्यादा
(सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीच्या प्रकाशात)



पवित्र कुरआनात हलाल आणि हराम अन्नाचे नियम ज्या ठिकाणी सांगितले आहेत, त्याच ठिकाणी कुत्र्याचाही उल्लेख आहे, हे पुष्कळांना अनपेक्षित वाटते. आपल्या घरांत कुत्र्याविषयी मुलांना बहुधा एवढेच सांगितले जाते की तो नापाक आहे, त्याच्यापासून दूर राहा. सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत मात्र निराळी गोष्ट आढळते. आमच्यासाठी काय हलाल करण्यात आले आहे, असा प्रश्न लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारला. त्यावर अल्लाह तआलाने जे उत्तर दिले त्याचा आशय असा: सर्व स्वच्छ व चांगल्या वस्तू तुमच्यासाठी हलाल आहेत, आणि ज्या शिकारी प्राण्यांना तुम्ही, अल्लाहने तुम्हाला दिलेल्या ज्ञानातून, शिकवून तयार केले आहे, त्यांनी तुमच्यासाठी जे पकडून ठेवले तेही खा, त्यावर अल्लाहचे नाव घ्या आणि अल्लाहचे भय बाळगा.

या आयतीत शिकारी शिकवणाऱ्यांसाठी ‘मुकल्लिबीन’ हा शब्द आला आहे. तो ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा या शब्दापासूनच बनलेला आहे. ससाणा, बाज इत्यादी शिकारी प्राणी या हुकमात येतात. पण शब्द घडला तो कुत्र्यावरून. या लेखात आपण या आयतीचा अर्थ दोन अगदी साध्या प्राण्यांच्या संदर्भात समजून घेणार आहोत: ससा आणि उंदीर. पहिला खाण्यासाठी धरला जातो, दुसरा त्रास टाळण्यासाठी मारला जातो. दोन्ही कामे एकच कुत्रा करू शकतो. तरीही शरीअतचे नियम दोन्ही ठिकाणी वेगळे आहेत, आणि माणसाची जबाबदारी मात्र दोन्ही ठिकाणी सारखीच आहे.

अदी बिन हातिम (रजि.) यांचा प्रश्न

हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे तय जमातीचे सरदार आणि दातृत्वासाठी अरबस्तानात प्रसिद्ध असलेल्या हातिम ताईचे पुत्र होते. त्यांच्या लोकांत कुत्र्यांकरवी शिकार करण्याची चाल होती. वाळवंटात राहणाऱ्या माणसाला हा छंद नव्हता. चुलीवर मांस चढेल की नाही हे त्यावर ठरत असे. त्या प्रदेशातील सडपातळ, लांब पायांचा, वाऱ्यासारखा धावणारा सलूकी कुत्रा ससे व हरणे धरण्यात निष्णात मानला जाई. इस्लाम स्वीकारल्यावर अदी (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) विचारले की आम्ही कुत्र्यांकडून शिकार करवतो, तर त्यातील काय खावे?

सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्यांच्याकडून आलेल्या हदीसींत जे मार्गदर्शन आहे, त्याचा सारांश पुढीलप्रमाणे सांगता येईल.

पहिली गोष्ट, कुत्रा शिकवलेला असावा. दुसरी, त्याला माणसाने सोडलेले असावे. तो स्वतःहून पळत सुटलेला नसावा. तिसरी, सोडताना अल्लाहचे नाव घ्यावे. चौथी, कुत्र्याने शिकारीतील काही खाल्लेले नसावे. खाल्ले असेल तर ती शिकार त्याने मालकासाठी नव्हे, स्वतःसाठी धरली असे समजावे. पाचवी, शिकारीत अनोळखी कुत्रा सामील झाला आणि कोणत्या कुत्र्याने मारले हे कळत नसेल तर ते मांस खाऊ नये, कारण अल्लाहचे नाव आपल्या कुत्र्यावर घेतले होते, दुसऱ्याच्या नव्हे. सहावी, शिकार जिवंत हाती आली तर ती जबह करावी. सातवी, बाणाने जखमी झालेली शिकार पाण्यात मृतावस्थेत सापडली तर ती खाऊ नये, कारण ती बाणाने मेली की बुडून, हे सांगता येत नाही. मृत्यूचे कारण संशयास्पद असेल तर मांस सोडून द्यावे, हे तत्त्व विद्वानांनी कुत्र्याच्या शिकारीलाही लावले आहे.

या सूचनांकडे लक्षपूर्वक पाहा. भूक, पळापळ, धूळ आणि रक्त यांच्या गदारोळातही माणसाने सावध राहून प्रत्येक क्षणी स्वतःला विचारावे, अशीच त्यांची रचना आहे: हे मी केले काय? अल्लाहच्या नावाने केले काय? मला खात्री आहे काय?

‘शिकवलेला’ म्हणजे नेमका कसा?

प्रत्येक कुत्रा जन्मतः पाठलाग करतो. धावणाऱ्या वस्तूमागे धावणे आणि सापडलेले तोंडात घालणे हा त्याचा स्वभाव आहे. त्यासाठी त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शिक्षणाने त्याला जे मिळते ते वेगळेच आहे. पाठवले की जाणे, हाक मारली की परतणे, थांबवले की थांबणे, आणि तोंडात आलेले मांस न खाता मालकासाठी धरून ठेवणे. कुत्र्याचे शिक्षण म्हणजे त्याच्या धावण्यात भर नव्हे, त्याच्या ओढीला लगाम.

कुत्रा शिकला हे कधी मानावे, याविषयी इमामांनी बारकाईने विचार केला आहे. इमाम अबू हनीफा (र.) यांनी हा निर्णय शिकारीतील जाणकारांच्या अनुभवावर सोपवला, त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ (र.) व इमाम मुहम्मद (र.) यांनी कुत्र्याने तीन वेळा शिकार धरून ती न खाणे ही खूण ठरवली. शाफिई मतानुसार ही वागणूक इतक्या वेळा दिसली पाहिजे की ती त्याची सवयच बनली आहे, अशी खात्री पटावी. इमाम मालिक (र.) यांच्या मते कुत्र्याने थोडे खाल्ले तरी शिकार हराम होत नाही. अल्लाहचे नाव घेण्याबाबतही मतभेद आहे. हनफी मतात ते जाणूनबुजून सोडले तर शिकार हराम होते आणि विसरून राहिले तर होत नाही. शाफिई मतात ते सुन्नत आहे. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे शाफिई आणि देशावरील, मराठवाड्यातील व विदर्भातील बहुसंख्य कुटुंबे हनफी असल्याने, दोन्ही मते माहीत असणे उपयुक्त आहे. शेजाऱ्याचा नियम वेगळा दिसला म्हणून त्याला दोष देऊ नये.

ससा: खाण्यासाठी केलेली शिकार

ससा हलाल आहे, यावर चारही इमामांचे एकमत आहे. याचा आधार हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेला प्रसंग आहे. मक्केजवळील मर्र अझ-झहरान येथे काही लोकांनी एका सशाला उठवले आणि त्याच्यामागे धावता धावता ते थकून गेले. अनस (रजि.) यांनी त्याला गाठले आणि हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्याकडे आणले. त्यांनी तो जबह करून त्याच्या मांड्यांचे मांस प्रेषितांकडे (स.) पाठवले आणि प्रेषितांनी (स.) ते स्वीकारले. या प्रसंगात कुत्रा नाही. माणसे स्वतः धावली होती. म्हणूनच हाती आलेला जिवंत ससा जबह केला गेला, हे ध्यानात ठेवावे.

आता आजचे उदाहरण घेऊ. कुत्र्यांच्या साहाय्याने ससे आणि उंदीर मारण्याची परंपरा ब्रिटनच्या खेड्यांत आजही जिवंत आहे. तेथे कोकणातून गेलेली अनेक मराठी-कोकणी मुस्लिम कुटुंबे स्थायिक आहेत, त्यामुळे हा प्रश्न केवळ पुस्तकातला राहिलेला नाही. तेथील ससा जमिनीत बिळे करून टोळीने राहतो आणि कोवळे पीक मुळापासून कुरतडतो. त्याला बाहेर काढण्यासाठी फेरेट नावाचा मुंगसासारखा सडपातळ पाळीव प्राणी बिळात सोडतात. बिळांच्या तोंडांवर जाळी लावलेली असते. टेरिअर जातीचे लहान कुत्रे दाट काटेरी झुडपांत शिरून सशांना उठवतात आणि लर्चर नावाचे उंच, वेगवान संकरित कुत्रे मोकळ्या रानात त्यांना गाठतात. ‘टेरिअर’ हे नावच लॅटिन भाषेतील जमीन या अर्थाच्या शब्दावरून आले आहे, कारण हे कुत्रे जमिनीखालच्या बिळातही शिरतात.

समजा, तेथे राहणाऱ्या एखाद्या मुस्लिम तरुणाला शेजारच्या शेतकऱ्याने ससे देऊ केले, किंवा सोबत शिकारीला बोलावले. त्याने काय पाहावे?

जाळ्यात अडकलेला ससा जिवंत असतो. तो मान मोडून मारला गेला तर हलाल होत नाही. तो जबहच झाला पाहिजे. चांगला शिकवलेला लर्चर ससा तोंडात अलगद धरून जिवंतच मालकाच्या हाती देतो. तेथेही जबह आवश्यक. कुत्र्याच्या पकडीत जखमी होऊन ससा वाटेतच मेला, कुत्रा शिकवलेला होता, मुसलमानाने त्याला अल्लाहचे नाव घेऊन सोडले होते आणि त्याने काही खाल्ले नव्हते, तर ते मांस हलाल आहे. पण चार शेतकऱ्यांचे सहा कुत्रे एकदम सुटले आणि ससा कोणी मारला ते कळले नाही, तर अदी (रजि.) यांच्या हदीसीप्रमाणे तो खाऊ नये. बिळात फेरेटने मारून टाकलेल्या सशाचीही हीच गत. फेरेट हा थांबवून धरलेला, मालकासाठी राखणारा शिकारी नाही. याशिवाय जेथे कुत्र्याचे दात लागले ती जागा धुणे आवश्यक आहे. शाफिई मतानुसार ती सात वेळा आणि त्यांपैकी एकदा मातीसह धुवावी.

उंदीर: त्रास टाळण्यासाठी केलेली हत्या

उंदराची गोष्ट निराळी. हनफी व शाफिई दोन्ही मतांत तो खाणे हराम आहे. मग त्याला मारावे कशासाठी? याचे उत्तर हदीसींत स्पष्ट आहे. ज्या पाच उपद्रवी प्राण्यांना इहरामच्या अवस्थेतही, हरमच्या हद्दीतही मारण्याची मुभा आहे, त्यांत विंचू, घार, कावळा व चावरा कुत्रा यांच्यासह उंदराचे नाव आहे. हज करणारा मनुष्य रानातील हरणाला हात लावू शकत नाही, पण उंदराला मारू शकतो. रात्री झोपताना दिवे विझवण्याची सूचना देताना प्रेषितांनी (स.) कारण सांगितले की उंदीर वात ओढून नेतो आणि घराला आग लावतो. तुपात उंदीर पडून मेला तर काय करावे, या प्रश्नावर तो आणि त्याच्या भोवतालचे तूप काढून टाकून उरलेले खाण्यास परवानगी दिली गेली. उंदराचा त्रास घरातील बाईला कसा भोगावा लागतो, याची जाण या मार्गदर्शनात आहे.

हा त्रास किती मोठा असू शकतो, हे मुंबईकरांना सांगावे लागत नाही. १८९६ साली मांडवी भागातील गोदामांच्या परिसरात प्लेगने डोके वर काढले आणि अर्धे शहर गाव सोडून पळू लागले. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने दाखवून दिले की हा रोग उंदरावरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. त्या रोगाचे जंतू उंदराच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात. म्हणून उंदीर आटोक्यात ठेवणे हे क्रौर्य नसून घराची, धान्याची व शेजाऱ्याची राखण आहे.

ब्रिटनमधील शेतकरी हे काम टेरिअरकडून करवतात. एकोणिसाव्या शतकात यॉर्कशायरच्या कापड गिरण्यांत उंदीर मारण्यासाठी लहान टेरिअर पाळले जात. आज दिवाणखान्यात दिसणारा केसाळ यॉर्कशायर टेरिअर हा त्यांचाच वंशज. धान्याच्या कोठाराजवळ किंवा कोंबड्यांच्या खुराड्याखाली उंदरांची बिळे सापडली की माणसे फावड्याने ती उकरतात किंवा बिळांत धूर सोडतात. उंदीर बाहेर पळताच टेरिअर त्याला मानेजवळ पकडतो, एकदा जोराने झटकतो, आणि पाठीचा कणा मोडून उंदीर तत्काळ मरतो. कुत्रा लगेच तो टाकून पुढच्याकडे वळतो. २००४ च्या शिकार कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्हे व रानससे मारण्यास बंदी घातली, तेव्हाही जमीनमालकाच्या परवानगीने उंदीर आणि बिळातील ससे मारण्याची मुभा कायम ठेवली.

आता या पद्धतीची तुलना आपल्याकडील काही सवयींशी करा. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदरावर उकळते पाणी ओतणे, त्याच्यावर रॉकेल टाकून पेटवणे, किंवा गोंदाच्या पाटीवर चिकटलेला उंदीर तसाच तडफडत कचऱ्यात फेकणे. मुले भोवती उभी राहून हे पाहतात आणि हसतात. बंधू-भगिनींनो, मारण्याची परवानगी आणि छळण्याची परवानगी या एक गोष्टी नाहीत. अग्नीने शिक्षा देण्याचा अधिकार केवळ अग्नीच्या पालनकर्त्याचा आहे, असे हदीसीत आले आहे. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसीनुसार अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीत, बंधनकारक केली आहे, मारायचे तर चांगल्या रीतीने मारावे, जबह करायचे तर सुरी पाजळून प्राण्याला आराम द्यावा. पाल मारण्याविषयीच्या हदीसीतही पहिल्याच घावात मारणाऱ्याला अधिक पुण्य सांगितले आहे, दुसऱ्या घावात त्याहून कमी. म्हणजे त्रासदायक जिवालाही एका घावात संपवणे, ताटकळत न ठेवणे, ही इबादतीसारखी बाब आहे. ज्या गोंदाच्या पाट्या आपल्याकडील दुकानांत सर्रास मिळतात, त्या सर्वसाधारण लोकांनी वापरण्यास इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने मनाई झाली आणि तो २०२४ पासून लागू आहे. जी दया आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी शिकवली गेली, ती इतरांच्या कायद्यात सापडावी आणि आपल्या मोरीत सापडू नये, हे शोभणारे नाही.

विषाचा विचारही याच कसोटीवर करावा. बाजारात मिळणारी बहुतेक उंदरांची औषधे रक्त गोठू देत नाहीत. उंदीर त्यानंतर काही दिवसांनी मरतो आणि तो खाणारी मांजर, घुबड किंवा कुत्राही विषबाधेने मरू शकतो. जेथे दुसरा उपाय नाही तेथे विष वापरावे लागेल. पण धान्य झाकून ठेवणे, खरकटे रात्री बाहेर न टाकणे, भिंतीतील भोके बुजवणे, पिंजरा लावणे आणि सापडलेला उंदीर एका घावात मारणे, हा क्रम आधीचा असावा.

तोच कुत्रा, तोच उंदीर, आणि पाप

कोठारात जे काम सेवा ठरते तेच दुसरीकडे पाप कसे बनते, याचे उदाहरण त्याच इंग्लंडच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमधील दारूच्या गुत्त्यांत लाकडी कठड्याचे हौद बांधलेले असत. त्यांत पकडून आणलेले जिवंत उंदीर ओतले जात, मग एक टेरिअर सोडला जाई आणि तो किती वेळात किती उंदीर मारतो यावर लोक पैजा लावत. १८२३ मध्ये बिली नावाच्या कुत्र्याने वेस्टमिन्स्टरच्या अशा हौदात साडेपाच मिनिटांत १०० उंदीर मारल्याची नोंद आहे. हेन्री मेह्यू या लेखकाने लंडनमधील गरिबांच्या जीवनाचा जो वृत्तांत १८५१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात अशा हौदांचे आणि त्यांना उंदीर पुरवणाऱ्या लोकांचे वर्णन आहे. उंदीर कमी व्हावेत म्हणून नव्हे, तर हौद रिकामा राहू नये म्हणून उंदीर गोळा केले जात! १८३५ च्या कायद्याने बैल व अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ बंद झाले. उंदरांचा खेळ मात्र त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिला.

येथे कुत्रा तोच, दात तेच, उंदीरही तोच. बदलला तो माणसाचा हेतू. हेतू बदलताच तीन हराम गोष्टी एकत्र आल्या: जुगार, दारूची बैठक आणि जिवाची करमणूक. जिवंत प्राण्याला निशाणा बनवणाऱ्याचा हदीसीत धिक्कार आहे; प्राण्यांना एकमेकांवर सोडून झुंजवण्यास मनाई आल्याची हदीस सुनन अबू दाऊद व तिर्मिझीत आहे. कोंबड्यांच्या झुंजी, बैलांच्या टकरी यांवर पैसे लावणाऱ्या आपल्या बांधवांनी लंडनच्या त्या हौदात स्वतःचे प्रतिबिंब पाहावे.

शिकार हलाल असली तरी तिच्या नादी लागण्याचा धोका वेगळाच आहे. जो शिकारीच्या मागे लागला तो गाफील झाला, या आशयाची हदीस सुनन ग्रंथांत आहे. अस्र निघून गेली, मगरिब निघून गेली, घरी आईवडील वाट पाहत राहिले, आणि हा रानात. परंतु गाफीलपणा हा शिकारीचा अटळ परिणाम नव्हे. बाराव्या शतकातील सीरियाचे सरदार उसामा बिन मुन्किज (१०९५ ते ११८८) यांनी ‘किताब अल-इतिबार’ या आपल्या आत्मकथनात वडिलांविषयी लिहिले आहे. ते शैजरच्या किल्ल्यात राहत, बाज व कुत्रे घेऊन शिकारीला जात, रोजे ठेवत, कुरआन पठण करत आणि रात्री स्वतःच्या हाताने कुरआनच्या प्रती लिहीत. ज्या हाताने ते शिकारी कुत्रा सोडत, त्याच हाताने ते आयती लिहीत. छंदाने त्यांना ओढले नाही; छंदाला त्यांनी मर्यादेत ठेवले.

कुत्रा पाळावा का?

हा प्रश्न अनेक कुटुंबांत, विशेषतः मुलांच्या हट्टामुळे, निर्माण होतो. हदीसींत शिकार, जनावरांची राखण आणि शेतीची राखण यांसाठी कुत्रा पाळण्यास परवानगी आहे. निष्कारण पाळणाऱ्याच्या सत्कर्मांतून दररोज एक किरात, काही कथनांत दोन किरात, घटत जाते असे सांगितले आहे. म्हणजे शेतावर उंदीर आवरणारा टेरिअर किंवा मेंढ्या राखणारा कुत्रा पाळण्यात दोष नाही. नुसत्या हौसेसाठी पाळणे टाळावे. त्याची जागा घराबाहेर असावी. त्याने तोंड घातलेले भांडे शाफिई मतानुसार सात वेळा, त्यांत एकदा मातीने, धुवावे. हनफी मतात तीन वेळा धुतल्याने ते पाक होते, सात वेळा धुणे उत्तम. कोरड्या अंगाचा कुत्रा चाटून न जाता केवळ घासून गेला तर वुजू तुटत नाही. उंदीर मारणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लस नियमित द्यावी आणि त्याच्या जखमा हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

आणि त्याचा हक्कही विसरू नये. पोटभर अन्न, पाणी, सावली आणि म्हातारपणी आधार. कामाचा असेपर्यंत पाळायचा आणि पाय लंगडा झाला की गावाबाहेर सोडायचा, हा अन्याय आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याने क्षमा मिळाल्याची हदीस आपण मुलांना सांगतो; तर मग रस्त्यावरील कुत्र्याला दगड मारणाऱ्या मुलाला आपण का थांबवत नाही? सूरह अल-कहफमध्ये गुहेतील श्रद्धावंतांसोबत उंबरठ्यावर पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख कयामतपर्यंत वाचला जाणार आहे.

आपल्या भूमीत

महाराष्ट्राच्या माळरानांवर कारवानी जातीच्या चपळ कुत्र्यांकरवी ससे धरण्याची जुनी रीत होती. आज तो मार्ग आपल्यासाठी बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडील रानससा संरक्षित आहे आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे. कोणी म्हणेल, ससा तर हलाल आहे! होय, मांस हलाल आहे. पण ज्या देशात आपण कराराने व शांततेने राहतो त्याचा असा कायदा, जो आपल्याला कोणतेही पाप करायला लावत नाही, तो पाळणे हे मुसलमानाच्या वचननिष्ठेत येते. हलाल असलेली प्रत्येक गोष्ट करणे अनिवार्य नसते. उंदरांचा बंदोबस्त मात्र आपण अवश्य करावा, आणि तो एहसानाने करावा.

आयतीचा धडा

शेवटी पुन्हा आयतीकडे वळू. अल्लाहने दिलेल्या ज्ञानातून तुम्ही त्यांना शिकवता, असे तेथे म्हटले आहे. न शिकलेल्या कुत्र्याने मारलेला ससा मुरदार आणि शिकलेल्या कुत्र्याने धरलेला ससा हलाल. विद्वानांनी यावरून ज्ञानाचे श्रेष्ठत्व दाखवले आहे: ज्ञानाने कुत्र्यालाही दर्जा मिळतो, तर माणसाला का मिळू नये? पण या ज्ञानाची खूण कोणती, तेही विसरू नका. शिकलेला कुत्रा भुकेला असतो, मांस त्याच्या तोंडात असते, मालक दूर असतो, तरी तो खात नाही. तो धरून ठेवतो, कारण ते त्याचे नाही.

वाचकहो, आपल्या तोंडातही रोज काही ना काही येते. दुकानातील दुसऱ्याचा पैसा, कचेरीतील अनामत, वारसाहक्कातील बहिणीचा वाटा, एखाद्या दुबळ्यावर चालणारा आपला हात. पाहणारा कोणी जवळ नसतो. तेव्हा आपण स्वतःसाठी धरतो की मालकासाठी, हाच आपल्या शिक्षणाचा पुरावा आहे. आयतीचा शेवटही याच इशाऱ्यावर होतो की अल्लाहचे भय बाळगा, कारण तो हिशोब घेण्यास विलंब लावत नाही.

अल्लाह तआला आपणा सर्वांना हलालवर समाधान मानण्याची, त्याच्या निर्मितीवर दया करण्याची आणि हाती आलेल्या शक्तीला मर्यादेत ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.